ओला सांगाडा, सुक्या भिंती

प्रश्न थोडक्यात असा: राजापूरजवळच्या वडिलोपार्जित जागेत घर बांधायचं आहे. आवारातले चार ऐन आणि दोन फणस रीतसर परवानगी काढून डिसेंबरात तोडले. गिरणीत खांब आठ बाय आठ इंची आणि तुळया सहा बाय दहाच्या कापून घेतल्या. सांगाडा लाकडाचा, पण बाकी सगळं आजचं: एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) भिंती, जिप्समचं छत, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, माळ्यावर टाइल. सुतार म्हणतो, लाकूड ओलं आहे, दोन वर्षं थांबा. कंत्राटदार म्हणतो, काही होत नाही, यंदाचा गणपती नव्या घरात बसवू. ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही अर्धं ऐका. लाकूड ओलं आहे हे सुताराचं खरं. त्यासाठी सांगाडा अडवून ठेवायला नको हे कंत्राटदाराचं खरं. चूक होते ती पुढच्या पायरीवर, सांगाड्याला सुकं नि ताठ साहित्य घट्ट बांधताना. गेली सत्तावीस वर्षं मी लाकडी सांगाड्याची घरं बांधतोय. दुरुस्तीसाठी म्हणून ज्या घरांत मला बोलावलं गेलं, त्यांतल्या बहुतेकांत लाकूड ठणठणीत होतं. दुखणं होतं ते लाकूड आणि भिंत जिथे भेटतात त्या रेषेत.

सुताराची दोन वर्षं कुठून आली ते आधी बघू. सावलीत, वारा लागेल असं रचून ठेवलेलं लाकूड सुकायला ढोबळमानाने इंचाला वर्ष लागतं. फळीसाठी हा हिशोब ठीक. आठ इंची खांबाला तो लावलात तर आज जन्मलेलं मूल तिसरीत जाईल. दोन वर्षांत वरचा इंच-दीड इंच सुकतो, आतला गाभा ओलाच राहतो. जुन्या घरांच्या खांबांवर हात फिरवून बघा. बऱ्याच ठिकाणी भेग सुताराने कोरलेल्या नक्षीला मधोमध चिरत गेलेली दिसेल, कुसवाची (एका लाकडाच्या टोकाला कोरलेल्या, दुसऱ्याच्या खाचेत बसणाऱ्या जिभेची) खांदी खाचेपासून सुटलेली दिसेल. म्हणजे नक्षी आधी, भेग नंतर. ते लाकूड घडवलं ओलं आणि सुकलं जागेवर बसल्यावर. इंग्लंडमधल्या मध्ययुगीन ओकच्या घरांची हीच कथा आहे. तिथले सुतार ओक ओला असतानाच घडवत, कारण सुकल्यावर तो पटाशीला दाद देत नाही. आपला ऐन त्याचा भाऊच म्हणायचा. सुकलेल्या ऐनात हाताने भोक पाडून बघा, मग सुताराची मजुरी कमी वाटेल.

आता लाकूड आखडतं म्हणजे नेमकं काय होतं ते. ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतलं आधी जातं. तेव्हा लाकूड हलकं होतं, पण आखडत नाही. ओलावा साधारण २८-३० टक्क्यांवर आला की भिंतींतलं पाणी निघू लागतं आणि आखडणं तिथून सुरू होतं. (हा टक्का सुक्या वजनावर काढतात, त्यामुळे ताज्या लाकडात तो ६०-७० सुद्धा भरतो, आकडा बघून दचकू नका.) फसगत इथेच होते. फेब्रुवारीत उभा केलेला सांगाडा मे महिन्यात कंत्राटदार अभिमानाने दाखवतो, ‘बघा, तसूभर हलला नाही.’ हलेल कसा? वरवरच्या भेगा सोडल्या तर त्याचं आखडणं अजून सुरूच व्हायचंय.

शिवाय लाकूड सगळ्या दिशांना सारखं आखडत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, हजारात एक-दोन भाग. आडव्या छेदात वाढीच्या वर्तुळांच्या कडेने सर्वांत जास्त, आणि गाभ्याकडून सालीकडे त्याच्या साधारण निम्मं. ऐनासाठी मी वर्तुळांच्या दिशेचं आखडणं ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत सुमारे ८ टक्के धरतो. साग नि फणस त्यामानाने पुष्कळ शांत. कोकणातल्या हवेत लाकूड पूर्ण कोरडं कधीच होत नाही, त्यामुळे यातलं साधारण निम्मंच वाट्याला येतं. म्हणजे तुमच्या दहा इंची, २५० मिलिमीटर उंचीच्या तुळईला ८ ते १० मिलिमीटर. तिच्याखालचा नऊ फुटी खांब मात्र उंचीत एक-दीड मिलिमीटर कमी झाला तर झाला. आठ इंची खांब जाडीत सहाएक मिलिमीटर रोडावतो, प्रत्येक अंगाला तीन.

इथे एक बारकावा आहे, जो चांगल्या चांगल्या इंजिनिअरांच्या नकाशात उलटा आलेला मी पाहिलाय. तुळई खांबाच्या डोक्यावर बसलेली असते. ती आखडते तेव्हा तिचं बूड जागेवर राहतं आणि पाठ खाली येते. त्यामुळे धोका तिच्या वर जे ठेवलंय त्याला असतो, खाली असलेल्या भिंतीला नव्हे. खालच्या भिंतीला त्रास होतो तो वेगळ्या कारणाने: ओल्या तुळईवर वजन ठेवलं आणि ती वजनाखालीच सुकली, तर मधोमध लचकते. सुक्या तुळईचा जो झोल पहिल्या दिवशी मोजला जातो, त्याच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त झोल ओल्या तुळईला वर्ष-दोन वर्षांत येतो आणि तो मग जात नाही. म्हणून पहिला पावसाळा नि पुढचा उन्हाळा मोठ्या गाळ्यांच्या (दोन खांबांमधल्या अंतरांच्या) मध्याखाली तात्पुरता टेकू ठेवा. बल्ली चालेल. दिसायला वाईट दिसते, पाहुणे विचारतात, विचारू द्या.

जुन्या कोकणी घराला हे सगळं पचत होतं, कारण त्या घरात ताठ असं काही नव्हतंच. कौलं रिपांवर नुसती टेकलेली. वासा जरा पिळला तर कौल सरकून नवी जागा घेई, आणि दर मे महिन्यात कौलं परतताना उरलंसुरलं सावरलं जाई. आतल्या भिंती म्हणजे कारवीचा कुड, शेणमातीने लिंपलेला. खांबालगत फट दिसली की बोटाने माती भरायची. बाहेरची चिऱ्याची भिंत आपल्या जोत्यावर स्वतंत्र उभी. गंमत म्हणजे चिरासुद्धा खाणीतून निघतो तेव्हा ओला नि मऊ असतो आणि हवा लागल्यावर कडक होतो. म्हणजे ते सबंध घरच ओलं बांधलेलं आणि नंतर सुकलेलं. तुमच्या घरात लाकूड ते जुनंच आहे, पण शेजारी मिळालेत जिप्सम, काच, टाइल, सिलिकॉन: कारखान्यातून सुकेच आलेले आणि जागचे न हलणारे.

यावर उपाय म्हणून कोणी म्हणेल, मग लाकूड भट्टीत सुकवून आणा. एवढ्या जाड मापांना साधी भट्टी आतपर्यंत पोचतच नाही, आणि घाई केली तर लाकूड आतून फाटतं. शिवाय सुकलेलं लाकूडही कोकणात गप्प बसत नाही. पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८५-९० टक्के असते तेव्हा लाकूड १८-२० टक्क्यांपर्यंत ओलावा घेतं. कोरड्या दिवसांत १२-१३ पर्यंत उतरतं. या दरवर्षीच्या ये-जा मध्ये आठ इंची ऐन तीनेक मिलिमीटर फुगतो नि आखडतो, आणि हे तुमच्या नातवंडांच्या काळातही चालू राहील. म्हणजे दोन वर्षं थांबलात तरी लाकूड आणि भिंत यांच्यामध्ये फट सोडावी लागणारच आहे. फट सोडायची ठरली, तर ती पाच मिलिमीटरची न ठेवता बाराची ठेवा आणि आजच कामाला लागा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढे आहे तो तपशील.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे भिंत खांबांच्या मधे न भरता खांबांच्या बाहेरून न्यायची. इंग्लंडात आणि अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात आज ओल्या लाकडाची घरं बांधणारे हेच करतात: सांगाडा आतल्या बाजूला उघडा, आणि थंडी अडवणाऱ्या सुक्या पॅनेलचं सलग कवच बाहेरून. आपल्याकडे थंडीचा प्रश्न नाही, पावसाचा आहे, तरी युक्ती तीच लागू पडते. एएसीची भिंत खांबापासून इंचभर बाहेर, स्वतःच्या जोत्यावर, स्वतःच्या आरसीसी पट्ट्यासह उभी राहू द्या. तिला सांगाड्याला धरून ठेवायला स्टीलच्या पट्ट्या लागतील, पण त्यांची भोकं उभी लांबट हवीत, म्हणजे भिंत बाहेर कलणार नाही आणि लाकडाला वर-खाली सरकता येईल. खांब आतून तीन बाजूंनी दिसतो, त्याला वारा लागतो, आणि वाळवीची वाट दिसली तर डोळ्यांदेखत दिसते.

खांबांच्या मधेच भिंत हवी असेल, आतल्या पार्टिशनला ती येतेच, तर ब्लॉक खांबाला भिडवू नका. खांबाच्या अंगाला सुक्या लाकडाची एक पट्टी मारा आणि ती ब्लॉकमध्ये कोरलेल्या खाचेत सैल जाऊ द्या. खांब रोडावला की पट्टी खाचेतून थोडी बाहेर येते, उजेड मात्र दिसत नाही. वरून प्लॅस्टर खांबापर्यंत न नेता अर्धा इंच आधी थांबवा, सरळ रेष मारून. रंगारी पुट्टी भरायला येईलच. त्याला अडवायचं काम घरच्या कोणीतरी आपल्याकडे घ्या. खांब आणि भिंत यांच्यामधला कोपरा पुट्टीने बुजवला की तो सहा महिन्यांत वेडीवाकडी भेग घेऊन परत येतो. तोच कोपरा सरळ फट म्हणून ठेवला तर ती नक्षी वाटते.

जिप्समचं छत कड्यांना (माळा पेलणाऱ्या आडव्या, लहान तुळयांना) खालून स्क्रूने ठोकू नका. त्याचा स्वतःचा धातूचा सांगाडा लोंबत्या सळ्यांवर टांगा आणि तुळईच्या कडेला चहूकडून बोटाच्या जाडीएवढी फट ठेवा. खरं सांगायचं तर एवढ्या सुंदर कड्या वर असताना खाली जिप्सम लावणं मला पटत नाही. कडीपाट उघडा ठेवलात तर खर्चही वाचेल, आणि लाकूड वरून-खालून सुकेल.

अ‍ॅल्युमिनियमची खिडकी ओल्या खांबाला आणि ओल्या तुळईला एकाच वेळी पकडली की पहिल्या उन्हाळ्यात पल्ला सरकायचा बंद होतो. आधी जुन्या सागाची चौकट बसवा. जुनी घरं उतरवणाऱ्यांकडे असा साग मिळतो आणि त्याचं सगळं आखडणं पन्नास वर्षांपूर्वी होऊन गेलेलं असतं. चौकट फक्त बाजूच्या भिंतीला धरा, वर तुळईखाली २० मिलिमीटर मोकळे सोडा आणि बाहेरून ती फट झाकायला तुळईला पट्टी मारा, जी चौकटीवरून नुसती घसरेल. काच थेट ओल्या लाकडाच्या खाचेत बसवायचा मोह अनेक आर्किटेक्टना होतो. ती तडकते. बसवायचीच असेल तर खांबाच्या बाहेरच्या अंगावर रबरी पट्टीवर टेकवून वरून झाकपट्टीने धरा, म्हणजे लाकूड तिच्या मागे हवं तसं हलेल.

आता माळ्यावरच्या टाइल, कारण इथे मी स्वतः पोळलोय. सुरुवातीच्या दिवसांत दापोलीकडे एक घर केलं. माळ्याच्या कड्यांचं एक टोक चिऱ्याच्या भिंतीवर, दुसरं ऐनाच्या तुळईवर ठेवलेलं. भिंतीच्या बाजूला आडवं लाकूड फक्त सहा इंची कडीएवढं. दुसऱ्या बाजूला कडी अधिक तुळई, मिळून सोळा इंच. दुसऱ्या मे महिन्यापर्यंत त्या बाजूने जमीन सेंटीमीटरभर जास्त खाली गेली होती. न्हाणीघराचं दार घासू लागलं, टाइलचे सांधे उघडले आणि न्हाणीचं पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे येऊ लागलं. घरमालकीणबाईंनी मला एक गोटी हातात दिली आणि म्हणाल्या, ‘ठेवा जमिनीवर.’ ती आपसूक गेली. पुढची दुरुस्ती माझ्या खर्चाने झाली. तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. कड्यांची दोन्ही टोकं सारख्याच जाडीच्या लाकडावर टेकवायची. आणि कडी तुळईच्या डोक्यावर न ठेवता तिच्या कुशीत खाच घेऊन बसवायची, कडीचं बूड तुळईच्या बुडाच्या जवळ येईल अशी, म्हणजे दोन जाड्यांची बेरीज होत नाही. न्हाणीघर शक्यतो खालीच, सिमेंटच्या जमिनीवर. आणि टाइलऐवजी वर फळ्याच घाला, पण त्या मात्र सुक्या हव्यात.

यावरून एक यादी मनात पक्की करा: सांगाडा ओला चालेल, पण दारं, खिडक्या, जिना, जमिनीच्या फळ्या, रिपा आणि सांध्यांच्या खुंट्या सुक्याच हव्यात. भारतीय मानक २८७ मध्ये दमट प्रदेशासाठी तुळया-वाशांना २० टक्क्यांपर्यंत ओलावा चालवून घेतलाय, पण दारं-खिडक्यांना जाडीनुसार १४ ते १६ च. खुंट्यांचं तर उलटं गणित आहे. खुंटी खडखडीत सुकी, खांब-तुळई ओली. कुसवातलं भोक खाचेच्या भोकापासून दोन-तीन मिलिमीटर खांद्याच्या बाजूला सरकवून पाडायचं, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा आवळला जातो आणि लाकूड आखडल्यावरही ताण टिकतो. बोल्ट वापरणार असाल तर नट झाकले जाणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा. लाकूड रोडावलं की प्रत्येक नट सैल पडतो. साधं लोखंड ओल्या ऐनाला लागलं की निळेकाळे ओघळ येतात, समुद्राकाठी तर ते गंजतंही झपाट्याने, स्टेनलेसच घ्या.

भेगांबद्दल लोक फार घाबरतात. गाभा आत असलेल्या खांबाला भेग पडणारच, कारण वर्तुळ कडेने जास्त आखडतं नि त्रिज्येत कमी. ते गणित भेग पडल्याशिवाय जुळत नाही. जपानी सुतार खांबाच्या मागच्या, न दिसणाऱ्या अंगाला गाभ्यापर्यंत उभी करवत घालून ठेवतात, म्हणजे सगळी भेग तिथेच उघडते आणि दर्शनी अंग स्वच्छ राहतं. खांबांना हे जरूर करा, तुळयांना नको. काळजीची भेग एकच: तिरप्या रेषांच्या लाकडात एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे आरपार निघालेली, किंवा सांध्याच्या खुंटीतून गेलेली. ती दिसली तर मला नाही, तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

गिरणीतून आलेल्या प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना आजच्या आज मेण, डांबर किंवा जाड ऑइलपेंट फासा. टोकांतून पाणी अंगापेक्षा कितीतरी पट वेगाने पळतं आणि तिथूनच लाकूड फुटतं. अंगाला मात्र पीयू, मेलामाइन, इनॅमल असलं पाणी कोंडणारं पॉलिश किंवा रंग काहीही पहिली दोन वर्षं लावायचं नाही; आत पाणी कोंडलं की बुरशी. जवसाचं तेल किंवा काजूच्या टरफलाचं तेल पुरे. बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं पाणी द्यायचं असेल, आणि ऐनाच्या कडेचं पांढरं लाकूड भुंग्याला आवडतं म्हणून द्यावंच, तर लाकूड ओलं असणं हा फायदाच आहे: बोरॉन पाण्यातून आत सरकत जातं, सुक्या लाकडात ते वरच राहतं. फक्त पावसाने ते धुऊन निघतं, म्हणून उघड्यावरच्या वाशांना त्याचा भरवसा नाही. आणि खांब काँक्रीटमध्ये पुरू नका. दगडी तळखडा (खांबाखालचा बैठकीचा दगड) घ्या, जमिनीपेक्षा वर.

ओलावा मोजायला दोन सुयांचं मीटर मिळतं, पण ते वरचाच थर सांगतं. खरं बघायचं तर एका तुकड्याच्या टोकापासून दोन फूट आतून इंचभर जाडीची चकती कापा, वजन करा, १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा, पुन्हा वजन करा. ८०० ग्रॅमची चकती ५६० वर थांबली तर गेलेलं पाणी २४० ग्रॅम, म्हणजे ओलावा ४३ टक्के. घरचा केकचा ओव्हन चालतो, फक्त वास दोन दिवस जात नाही.

वेळापत्रक मी असं करीन. एप्रिलअखेर सांगाडा उभा, मिरगाच्या आत कौलं चढलेली. वासे-रिपा आधी कापून सावलीत पट्ट्यांवर रचल्या तर तोवर बऱ्याच वाळतील. पावसाळ्यात बाजू उघड्या, जिथे झड येते तिथे फक्त नारळाच्या चुडताची झापं. प्लास्टिकने गुंडाळायचं नाही. दसऱ्यानंतर भिंती नि प्लॅस्टर, कारण प्लॅस्टरचं शेकडो लिटर पाणी हवेत जाणार आहे, ते खिडक्या बसायच्या आधी गेलेलं बरं. खिडक्या, फळ्या, आतली सजावट पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. एसी पहिलं वर्षभर नको. तो लाकडाचं एक अंग झपाट्याने सुकवतो आणि तुळई पिळते.

गणपती यंदाच हवा असेल तर बसवा की. माजघराच्या जागी शेणाने सारवलेली जमीन, वर कौलं, बाजूला झापं, आणि मखर तुळईला न ठोकता खाली चौरंगावर. पुढच्या वर्षी मे महिन्यात सुताराला पाना घेऊन बोलवा, सगळे नट एकदा आवळून घ्या, आणि मधली बल्ली तेव्हाच काढा.